विश्लेषण : पेशव्यांचे बाकीचे वाडे जळाले, विश्रामबागवाडा कसा टिकला?

थोरल्या बाजीरावांच्या नावाच्या रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावांचा वाडा उभा आहे, हा पुण्याचा एक जुना विनोद. तुळशीबागेत खरेदीला आलेले हजारो लोक रोज विश्रामबागवाड्यावरून जातात. लाकडी मेघडंबरीकडे मान वर करून पाहणारे त्यात थोडेच. काहींसाठी तो पेशव्यांचा वाडा, काहींसाठी पोस्ट, तर जुन्या पुणेकरांसाठी नगरपालिका. तिन्ही ओळखी खऱ्या आहेत. दोनशे वर्षांत या घराचा उपयोग इतक्यांदा बदलला की राहते घर म्हणून त्याचे आयुष्य सर्वांत थोडे भरते. वाडा जपायचा म्हणजे यातले नेमके काय जपायचे, हा प्रश्न त्यामुळे सोपा राहत नाही.

वाडा कोणी आणि का बांधला?

दुसरे बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले तेव्हा शनिवारवाड्याला वाईट आठवणींचा वेढा पडला होता. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून तिथेच झाला होता आणि १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अंतही तिथेच. त्या वाड्यात बाजीरावांचे मन रमत नसे, असे परंपरेने सांगितले जाते. कारण काहीही असो, त्यांनी शहरात स्वतःसाठी दुसरी घरे उभारली, हे खरे. विश्रामबागवाडा त्यांतला सर्वांत देखणा. बांधायला सुमारे सहा वर्षे लागली आणि त्या काळचे दोन लाख रुपये खर्च झाले.

काळही पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले, इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईच्या तहावर सही करून परतले. राज्याचा कणा मोडल्यावर, १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकात, हा वाडा उभा राहिला. शनिवारवाड्याला तट आहे, बुरूज आहेत, हत्तींना अडवणारे अणकुचीदार खिळ्यांचे दार आहे. विश्रामबागवाड्याला यातले काही नाही. दर्शनी भागात सुरूच्या झाडाच्या घाटाचे कोरीव खांब, केळफुलाची नक्षी आणि रस्त्यावर डोकावणारी मेघडंबरी. संरक्षणाचे काम आता दुसऱ्याच्या फौजेकडे गेले होते, हे घराच्या तोंडावरच वाचता येते.

बाजीरावांना हे घर फार लाभले नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि जून १८१८ मध्ये बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेऊन ते कानपूरजवळ बिठूरला गेले, ते पुण्यात परतलेच नाहीत. नव्या घरात त्यांनी दहा-अकरा वर्षे काढली असतील. पुढची दोनशेहून अधिक वर्षे घर इतरांनी वापरले.

राजवाड्याची पाठशाळा कशी झाली?

पेशवाई बुडाली, पण पेशवाईने लावलेल्या सवयी बुडाल्या नव्हत्या. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा ही त्यातली मोठी. ती एकदम बंद केली तर शहर बिथरेल, हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला कळत होते. म्हणून दक्षिणेच्या रकमेतला काही भाग शिक्षणाकडे वळवण्यात आला आणि ऑक्टोबर १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. जागा कोणती, तर रिकामा झालेला विश्रामबागवाडा. न्याय, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक असे विषय. विद्यार्थ्यांना दरमहा वेतन. पैसा पेशव्यांच्या दक्षिणेचा, छप्पर पेशव्यांचे आणि देखरेख कंपनी सरकारची.

ही पाठशाळा होती तशी राहिली नाही. मेजर टॉमस कँडी यांच्याकडे तिची देखरेख आली आणि हळूहळू मराठी, मग इंग्रजी शिक्षण आत शिरले. (मराठी लेखनात विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते हेच कँडी, आणि मोल्सवर्थच्या कोशातही त्यांचा हात आहे.) मराठी गद्याचे एक मोठे नाव, कृष्णशास्त्री चिपळूणकर, याच पाठशाळेत घडले. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून 'पूना कॉलेज' झाले, १८६४ मध्ये त्याला 'डेक्कन कॉलेज' हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या दगडी इमारतीत गेले. आज डेक्कन कॉलेज म्हटले की ती दगडी इमारत डोळ्यांसमोर येते. पण संस्थेचे पाळणाघर तुळशीबागेच्या शेजारचा हा लाकडी वाडा आहे.

याच काळातला एक दिवस या वास्तूच्या इतिहासात सर्वांत ठळक असायला हवा. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात, मेजर कँडी यांच्या हस्ते, सरकारच्या शिक्षण खात्याने जोतीराव फुले यांचा शालजोडी देऊन सत्कार केला. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी शाळा काढल्याबद्दलचा हा सत्कार होता. ज्या वाड्याच्या धन्याने ब्राह्मणांना दक्षिणा वाटली, जिथे त्याच दक्षिणेच्या पैशातून शास्त्री तयार होत होते, त्याच छपराखाली. शहरातले अनेक प्रतिष्ठित त्या वेळी फुले यांच्यावर संतापलेले होते, हे लक्षात घेतले तर जागेची निवड किती बोलकी होती हे कळते. वाडा फक्त 'पेशवेकालीन' म्हणून दाखवला, तर १८१८ नंतरचा हा दिवस त्यात बसतच नाही.

लाकडी घराला इतके उपयोग सोसवले कसे?

याचे उत्तर वाड्याच्या बांधणीत आहे. पुण्याचा वाडा भिंतींच्या नव्हे, खांबांच्या हिशेबाने उभा राहतो. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर पाटण. दोन खांबांमधल्या जागेला 'खण' म्हणतात आणि जुन्या खरेदीखतांत घर मोजले जाते तेही खणांत. मजल्यांचा बराच भार खांबांवर असल्याने मधल्या भिंती बहुतांशी भरावाच्या असतात. त्या काढता येतात, सरकवता येतात, दोन खण एक करता येतात. खोलीचा उपयोगही दगडावर कोरलेला नसतो. सकाळी जिथे पंगत बसते तिथे दुपारी हिशेबनीस बसतो आणि रात्री अंथरुणे पडतात. मधल्या चौकातून प्रकाश आणि हवा येते. दरवाजाजवळची ओसरी परक्यांसाठी, आतला चौक घरच्यांसाठी.

अशा घरात वर्ग भरवायला फारसे काही मोडावे लागत नाही. दिवाणखान्यात सभा होते, ओसरीवर कारकून बसतात, देवडीत शिपाई. १८८० मध्ये सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलची पहिली जागाही एक वाडाच होती. १९०५ मध्ये लोकमान्य टिळकांनी गायकवाडांकडून वाडा विकत घेतला आणि त्यात 'केसरी'चा छापखाना, कचेरी आणि बिऱ्हाड एकत्र नांदले. विश्रामबागवाडा त्यामुळे अपवाद ठरत नाही. त्याचे नशीब एवढेच की त्याला सतत कोणी ना कोणी वापरणारा मिळत गेला.

१८७९ च्या आगीत काय झाले?

पेशव्यांच्या वाड्यांचा हिशेब मांडला तर तो आगीचाच हिशेब होतो. शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळाला. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, आज उभे आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. आणि १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही पेटले.

दोन वाडे एकाच रात्री पेटतात म्हटल्यावर संशय कोणावर गेला असेल, हे सांगायला नको. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड तेव्हा भरात होते आणि इंग्रज अधिकारी धास्तावलेले होते. तपासात मात्र वेगळेच निघाले. सरकारी पुस्तक डेपोतल्या एका नोकराने स्वतःची अफरातफर लपवण्यासाठी आग लावली होती आणि त्याला शिक्षा झाली. साम्राज्य हादरवणारा कट वाटावा अशा घटनेमागे हिशेबाच्या वहीतली चोरी निघाली. सरकारी कचेरीत कागदपत्रे नेमकी गैरसोयीच्या वेळी जळणे, ही परंपरा तशी जुनी आहे.

पुढे काय झाले, ते जास्त महत्त्वाचे. बुधवारवाडा गेला तो गेलाच. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला होता, पण तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभा राहिला. दोन्ही वाडे वापरात होते, म्हणजे नुसता वापर वाड्याला वाचवत नाही. एक वाडा अर्धा उभा होता आणि त्यासाठी पैसे काढायला शहर तयार झाले, एवढा फरक. ज्या पेशव्याच्या कारभाराला याच शहराने नावे ठेवली होती, त्याच्या घरासाठी साठ वर्षांनी शहराने वर्गणी काढली. तोपर्यंत ते घर बाजीरावांचे राहिलेच नव्हते. ते शहराचे झाले होते.

हेही ध्यानात ठेवायला हवे की आज दिसणाऱ्या वाड्याचा एक मोठा भाग मुळात १८७९ नंतरचा आहे. 'अस्सल पेशवाई' शोधायला येणाऱ्याला हे थोडे खट्टू करील, पण वास्तू अशाच असतात.

नगरपालिकेने वाड्याचे भले केले की बुरे?

दोन्ही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधारण १९३० पासून तीनेक दशके, पुण्याचा नागरी कारभार या वाड्यातून चालला. १५ फेब्रुवारी १९५० ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तीही इथे असतानाच. पाणीपट्टी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, रस्त्यांची भांडणे, सभासदांच्या खडाजंगी या सगळ्यांचा पत्ता विश्रामबागवाडा होता.

२५ जून १९३४ चा बॉम्बहल्लाही याच पत्त्याशी जोडलेला आहे. अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर असलेले महात्मा गांधी नगरपालिकेचे मानपत्र घ्यायला येणार होते. त्यांची समजून एका मोटारीवर बॉम्ब फेकला गेला. गांधीजी त्या मोटारीत नव्हते, म्हणून वाचले. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांसह काही जण जखमी झाले. समारंभ तरीही पार पडला. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर ज्या वाड्यात १८५२ मध्ये सत्कार झाला, त्याच वाड्याच्या वाटेवर ८२ वर्षांनी बॉम्ब पडला. कोणत्याही संग्रहालयाला हेवा वाटावा असा हा धागा आहे, आणि तो पेशव्यांच्या कालखंडात कुठेच सापडत नाही.

कचेरी लाकडी घराचे काय करते, हेही सांगायला हवे. फायलींचा भार पाटणीवर वर्षानुवर्षे पडत राहतो. मोठ्या दालनात प्लायवूडच्या आडभिंती येतात, नक्षीच्या खांबाला खिळा मारून दिनदर्शिका लागते, त्यावरून विजेची वायर ओढली जाते. कोपऱ्यात स्वच्छतागृह निघते आणि त्याची ओल जोत्यातून खांबाच्या पायात चढते. सागवानावर तैलरंगाचे थर चढतात, मग खालची नक्षी बुजते. हे सगळे विश्रामबागवाड्यापुरते नाही. जुन्या घरात सरकारी कार्यालय थाटले की थोड्याफार फरकाने हेच घडते.

पण दुसरी बाजूही आहे. कचेरी रोज उघडते. गळती लागली तर कोणीतरी ओरडते, कौल बदलले जाते, पन्हाळीतला पाला काढला जातो. लाकडी घर बंद राहण्याने जितके मरते तितके वापराने मरत नाही. दार लावून ठेवलेल्या वाड्याला दोन पावसाळे आणि वाळवी पुरेशी असते.

महापालिकेचे मुख्य कार्यालय शिवाजीनगरला गेले, तरी वाड्याचे नाव कारभारातून गेले नाही. महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयाच्या नावात कसब्याबरोबर विश्रामबागवाडा अजून आहे. वाड्याच्या तळमजल्यावरचे टपाल कार्यालय तर अनेक पिढ्यांच्या ओळखीचे. मनिऑर्डर, राखीची पाकिटे, पोस्टातले बचतखाते यासाठी आलेल्या माणसाला आपण पेशव्यांच्या घरात उभे आहोत याची आठवण असेल असे नाही. तरी तोच माणूस त्या घराचा रोजचा पाहुणा होता.

मग जतन करताना अडचण कुठे आहे?

या शतकाच्या सुरुवातीपासून महापालिकेने वाड्याच्या जतनाचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले. दर्शनी भागाची नक्षी मोकळी झाली, शहराच्या वाढीची कथा सांगणारे 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे प्रदर्शन आत मांडले गेले. हे काम चांगलेच आहे. पण जतन म्हटले की आपल्याकडे एक सवय लागते : वास्तूच्या आयुष्यातला सर्वांत वैभवाचा काळ निवडायचा आणि बाकीचे पुसायचे. विश्रामबागवाड्यात तो काळ आपोआप बाजीरावांचा ठरतो. दहा-अकरा वर्षांच्या मुक्कामाला सगळे दालन, आणि पाठशाळेच्या सुमारे ४७ वर्षांना, नगरपालिकेच्या तीन दशकांना, पोस्टाला एखादी ओळ. हा हिशेब चुकीचा आहे. प्लायवूडच्या आडभिंती काढाव्यात, यात वाद नाही. पण त्या कशासाठी घातल्या होत्या हे सांगणे भिंतीबरोबर काढून टाकू नये.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पायी दहा मिनिटांवर आहे. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. घर तात्यासाहेब भिडे यांचे. शाळा गेली, पुढे तळमजल्यावर दुकाने आली आणि वर्षानुवर्षे चालली. म्हणजे वापर इथेही होता. पण वापरणारा वेगळा, मालक वेगळा आणि छप्पर दुरुस्त करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणालाच नको होते. राष्ट्रीय स्मारकाची मागणी झाली, भूसंपादनाचा वाद न्यायालयात दीर्घकाळ रेंगाळला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने वाड्याचा ताबा घेतला, तेव्हा वास्तू वाचवण्याजोगी उरलेली नव्हती. ती पाडण्यात आली. आता तिथे होईल ते स्मारक असेल, वाडा नसेल.

पुण्यातल्या शेकडो खासगी वाड्यांची गत भिडेवाड्यासारखीच झाली आहे, फक्त त्यांची बातमी होत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला भाड्यातून कौले बदलणे परवडेना, भाडेकरूला परक्या घरावर खर्च करणे पटेना. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे एका दिवसात कोसळले. उरलेल्यांना पावसाळ्यापूर्वी महापालिकेची 'धोकादायक' म्हणून नोटीस येते आणि यथावकाश पुनर्विकासाचा फलक लागतो. मालकाला दोष देणे सोपे आहे. वाडा ठेवला तर तोटा आणि पाडला तर फायदा अशी व्यवस्था असताना वाडा ठेवणारा माणूस एक तर श्रीमंत असावा लागतो किंवा हट्टी.

पुढचा उपयोग कोणता असावा?

विश्रामबागवाडा सार्वजनिक मालकीचा आहे, त्यामुळे तिथे बिल्डरची भीती नाही. भीती आहे ती दुसरी : सुंदर करून कुलूप लावण्याची. तिकीट काढून आत जाणाऱ्यांवर वाडा जगत नाही. पोस्टासारखा, लोकांना काम म्हणून आत आणणारा एखादा तरी उपयोग तिथे राहायला हवा. वाचनालय, शहराच्या जुन्या कागदपत्रांचे अभ्यासदालन, संध्याकाळची व्याख्याने हे सगळे या घराला सोसवेल. त्याने याहून अवघड गोष्टी सोसल्या आहेत. न सोसणाऱ्या गोष्टीही उघड आहेत. वरच्या मजल्यावर पुस्तकांची जड कपाटे किंवा लग्नाची गर्दी नको, स्वयंपाकघर नको, लाकडाला खेटून उघडी वायर नको आणि खांबाच्या पायाशी पाणी नको.

नवा उपयोग ठरवताना विचारायचा प्रश्न खरे तर खर्चाचा आहे. जतनाच्या मोठ्या कामाला निधी मिळतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. दर मे महिन्यात पन्हाळी साफ करणे, फुटलेली कौले बदलणे, वाळवीची तपासणी करणे आणि वायरिंग पाहणे याचे उद्घाटन होत नाही, म्हणून अंदाजपत्रकात ते सर्वांत आधी कापले जाते. १८७९ नंतर शहराने वाडा उभा केला तो वर्गणी गोळा करून. आज पैसा महापालिकेकडे आहे. देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष आणि त्यावर सही करणारा एक जबाबदार अधिकारी, एवढी तरतूद पुढच्या पावसाळ्याआधी करता येण्यासारखी आहे.